दाजींच्या नावावरचं माझं बीपी

आजवर कुणाला सांगितलेलं नाही ते आधी सांगून टाकतो. साखर कारखान्याच्या दवाखान्यातल्या रजिस्टरात आमच्या दाजींच्या नावापुढं सलग तीन वर्षं जे बीपी लिहिलं गेलं, ते दाजींचं नव्हतं. माझं होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. कारखाना कोल्हापुरापासून एसटीनं तासाभरावर. त्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा म्हणणार, तिथलीच माणसं तसली असतील. आणीबाणीच्या आसपासची वर्षं. दाजी बॉयलरवर फायरमन होते, पण हंगामी. दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू झालं की कामावर, उन्हाळ्यात ऊस संपला की घरी. दर हंगामाच्या तोंडाला दवाखान्यात तपासणी व्हायची. जो फिट तो आत, जो अनफिट तो बाहेर. त्याला दुसरं हलकं काम देतील असं काही नव्हतं. बाहेर म्हणजे बाहेरच.

मी तेव्हा राजारामपुरीतल्या एका औषधाच्या दुकानात काउंटरला होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं मी जे केलं ते न कळून केलं, अशी सवलत मला कुणी देऊ नये. बीपीची गोळी कशाला असते, ती मध्येच सोडली तर काय होऊ शकतं, हे मला दाजींपेक्षा आणि अक्कापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

दाजींचं बीपी सापडलं तेही माझ्यामुळंच. एका उन्हाळ्यात विहिरीवरच्या इंजिनाचं सामान घ्यायला ते कोल्हापुरात आले होते. दुकानात येऊन स्टुलावर बसले आणि सारखी मान चोळायला लागले. आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. मी त्यांना तसाच वर घेऊन गेलो. डॉक्टरांनी एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं, मग पट्टा दुसऱ्या दंडाला बांधून तिसऱ्यांदा मोजलं, आणि गोळी लिहून दिली.

"किती दिस घ्यायची ही?" दाजींनी विचारलं.

"जन्मभर."

जिना उतरताना दाजी मला म्हणाले, "पावणं, बँकेनं म्हस दिली तर तिचाबी हप्ता कवातरी फिटतोय की. ह्यो हप्ता माणूस गेल्यावरच बंद हुणार म्हणायचा!" बायकोच्या भावाला पावणं म्हणायची आमच्याकडं रीत, आणि दाजी तो शब्द असा लांबवून म्हणायचे की ऐकणाऱ्याला आधीच हसू यायचं. अख्ख्या शिफ्टमध्ये त्यांच्यासारखा थट्टेखोर माणूस नव्हता.

पहिली गोळी सर्पगंधेपासून काढलेली. स्वस्त. हजार गोळ्यांचा डबा यायचा, त्यातून मोजून कागदाच्या पुडीत बांधून द्यायचो. महिन्याभरात बीपी उतरलं. आणि एक दिवस अक्का एकटीच एसटीनं दुकानात आली. गिऱ्हाईकं उभी होती, त्यांच्यादेखत तिनं मला धारेवर धरलं.

"काय दिलंयस रं ह्यास्नी? दोन-दोन दिस बोलत न्हाईत. परवा म्हशीजवळ बसून रडत हुते. बारा वर्सं झाली लग्नाला, मी त्यास्नी कधी रडताना बघितलं न्हाय."

वरच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "होतं काही जणांना असं." होतं काही जणांना! म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मग आधी सांगायला काय झालं होतं? पण खेड्यातलं माणूस दिसलं की आधी स्वस्तातली देऊन बघायची, ती बाधली की दुसरी लिहायची, अशी पद्धतच पडून गेली होती. ते डॉक्टर वाईट नव्हते. त्यांनी ती गोळी बंद करून दुसरी लिहून दिली. ती चांगली होती. दाजी पुन्हा बोलायला लागले. फक्त ती दिवसाला तीन घ्यायची होती, आणि महिन्याच्या गोळ्यांना दाजींची आठवडाभराची मजुरी जायची. तीही हंगामातली. हंगाम नसताना मजुरी कुठली?

माणसाला हसता ठेवणारी गोळी महाग आणि रडवणारी स्वस्त, हे कुणी ठरवलं होतं मला माहीत नाही. पण ती विकायला मी बसलो होतो. लोक यायचे आणि म्हणायचे, "दोनच द्या." आम्ही कात्रीनं पट्टी कापून दोन द्यायचो. गोळीचं नाव बऱ्याचदा उरलेल्या तुकड्यावर राहायचं, म्हणून घरी गेल्यावर ही कशाची गोळी हेसुद्धा कळायची सोय नसायची. जन्मभर घ्यायचं औषध लोक डोकेदुखीच्या गोळीसारखं दुखेल तेव्हा घेत होते आणि आम्ही ते तसं देत होतो. मी एकदा मालकांना तसं बोललो. ते म्हणाले, "गिऱ्हाईक मोडायचं न्हाय. तू डॉक्टर हायस का?"

आता कारखान्याचं सांगतो. तिथल्या दवाखान्यात गुलाबी मिक्श्चर मिळायचं, तापाच्या गोळ्या मिळायच्या, जखमेला आयोडीन मिळायचं. बीपीची गोळी मिळायची नाही. कारण विचारलं तर सांगायचे, बीपी हा घरचा आजार, कामावर जडलेला नव्हे. म्हणजे आठ-आठ तास जाळाच्या तोंडाशी उभा राहून उसाचं चिपाड आत ढकलणारा माणूस आपलं बीपी घरातून भाकरीबरोबर बांधून आणत होता! आणि औषध न देणारा हाच दवाखाना ते बीपी मोजायला मात्र दरसाल हजर. मोजायचं बरं करण्यासाठी नव्हे, काढून टाकण्यासाठी. बॉयलरवरच्या काट्याकडं चोवीस तास एक माणूस डोळा लावून बसवलेला असायचा. काटा वर गेला तर कुणी बॉयलरला घरी पाठवत नव्हतं.

चेअरमननाही बीपी होतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. त्यांची महिन्याची गोळी आमच्याच दुकानातून कारखान्याच्या जीपमधून जायची. मीच ती बांधून दिलेली आहे. त्यांना कुणी कधी अनफिट ठरवलं नाही.

या सगळ्यातून 'बदली बसणं' निघालं होतं. तपासणीचे डॉक्टर बाहेरून एका दिवसासाठी यायचे आणि माणसं शेकड्यांनी असायची. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकडी टाकलेली. कंपाउंडरनं नाव पुकारायचं, माणसानं आत जाऊन बाही वर करून बसायचं, पट्टा बांधला, फुगवला, पारा उतरला, आकडा लिहिला, पुढचा. डॉक्टर दंडाकडं बघायचे, तोंडाकडं नाही. मग ज्याची नजर अधू त्याच्या नावानं चांगल्या नजरेचा भाऊ जाऊन बसायचा, ज्याचं बीपी जास्त त्याच्या नावानं एखादा धडधाकट पाहुणा. टाइम ऑफिसातला एक किडकिडीत गडी चौघांच्या नावानं डोळ्यांचा तक्ता वाचून आला. चौथ्या वेळी त्याला तक्ता इतका पाठ झाला होता, की त्यानं खिडकीबाहेर बघत तो म्हणून दाखवला. डॉक्टर म्हणाले, "शाब्बास, पुढचा!" यात लबाडी आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. आजारी माणसाच्या वाटणीचं पाणी शेजाऱ्यानं त्याच्या पिकाला पाजावं, तसंच हे.

त्या वर्षी दसरा झाल्यावर दाजी दुकानात आले आणि म्हणाले, "पावणं, एक दिवसाची रजा काढा. तुमचा दंड पाहिजे." मी हसलो आणि रजा काढली.

कंपाउंडर दाजींना दहा वर्षं ओळखत होता. त्यानं दाजींचं नाव पुकारलं आणि मी उठलो. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग यादीकडं बघितलं. "व्हा पावणं, पुढं व्हा," म्हणाला.

बाहेर चहाच्या टपरीवर दाजी वाट बघत होते. "काय निघालं माझं?"

"एकशेवीस, ऐंशी."

"आयला! एवढं झ्याक तर लगीन ठरताना बी नसंल माझं."

टपरीवरची सगळी हसली. मीही हसलो. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, हे लपवत नाही. अक्काचं घर चालावं म्हणून मी काहीतरी केलं होतं. अक्काला मात्र आम्ही सांगितलं नाही. दाजी म्हणाले, "तिला कशाला घोर?" तिला वाटलं, गोळीनं गुण आला. तिनं पोळ्या केल्या. मी पोटभर खाल्ल्या.

दुसऱ्या वर्षीही मीच बसलो. दाजी हंगामात गोळ्या घ्यायचे, तिन्हीच्या तिन्ही नाही, पण घ्यायचे. हंगाम संपला की गोळीही संपायची. मी म्हणायचो, "दाजी, कारखाना बंद झाला म्हणून बीपी बंद हुतंय व्हय?" ते म्हणायचे, "बीपीला हंगाम नसंल, पैशाला हाय की." मग मी दुकानातून थोड्या गोळ्या माझ्या पगारातून घेऊन रविवारी पोचवायचो. काही महिने पोचवल्या. पुढं माझं लग्न झालं आणि पोचवणं राहिलं. याला मी कारण म्हणत नाही. राहिलं, एवढंच.

आता तिसरं वर्ष.

गणपती झाल्यावर मी अक्काकडं गेलो होतो. दाजी बांधावर बसले होते. म्हणाले, "पावणं, औंदा मीच बसतो तपासणीला."

"का?"

"नवीन साहेब आलाय. त्यो म्हणतोय, बीपीवाल्यास्नी काढायचं न्हाय, गेटवर बसवायचं. पगार कमी हाय थोडा. पण जाळापुढं आता सोसत न्हाय मला. डोळ्यांपुढं काजवं येत्यात."

दाजींनी सोसत नाही असं म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं: बसा. खरं बीपी कागदावर आलं असतं. साहेबानं शब्द पाळला असता किंवा नसता पाळला, पण दाजी जाळापासून उठले असते.

मी तसं म्हणालो नाही. का, ते इतक्या वर्षांनी स्वच्छ लिहितो. एकदम मोठा आकडा निघाला तर ते मागची दोन पानं उलटणार, गेल्या वर्षी एकशेवीस कसं म्हणून विचारणार, कंपाउंडर आपली कातडी वाचवायला माझं नाव घेणार. आणि आमच्या मालकांनी मला दुकानात भागीदार करून घ्यायचं बोलणं नुकतंच काढलं होतं. औषधाच्या धंद्यातला माणूस तपासणीत खोटा सापडला, अशी बातमी राजारामपुरीत पोचायला कितीसा वेळ लागणार? भीती मला दाजींची नव्हती, माझी होती.

मी म्हणालो, "दाजी, तुम्हाला काय बिघडलंय? चांगलं ठणठणीत हिंडताय. काजवं उन्हानं येत्यात. कशाला जोखीम? मीच बसतो."

"तसं म्हणता?"

"तसंच."

"बरं बाबा. मेडिकलवाले तुमी, तुमालाच कळतंय."

मी बसलो. एकशेअठरा, ऐंशी. फिट.

जानेवारीत, भर दुपारच्या शिफ्टमध्ये, दाजी बॉयलरच्या तोंडाशी कोसळले. जीपमधून त्यांना कोल्हापुरात आणलं. जीव राहिला, पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. मी दुकानातून पळत गेलो तेव्हा अक्का जिन्याच्या पायरीवर बसली होती. तिनं आधी काय सांगितलं? "औंदा हंगाम लागला तरी गोळी चालूच केली न्हाय त्यांनी. म्हणालं, पावणं म्हणत्यात काय बिघडलंय, त्यास्नी कळतंय." यात टोमणा नव्हता. दवाखान्यात आल्यावर माणूस घडलं ते सांगतो, तसं तिनं सांगितलं. टोमणा असता तर मी त्याला उत्तर तरी दिलं असतं.

दोन दिवसांनी कारखान्याचे तपासणीचे डॉक्टर बघायला आले. सोबत कारखान्याचा एक कारकून, त्याच्या बगलेत रजिस्टर. डॉक्टर अक्काला म्हणाले, "मी बघितलंय सगळं. तीन वर्षं एकदम नॉर्मल." मग कपाळाला आठ्या घालून विचारलं, "घरी खारट फार खातात का?"

अक्का म्हणाली, "व्हय जी. खर्डा लागतोच त्यास्नी. खारातल्या मिरच्या बी."

"मग!" डॉक्टर म्हणाले.

एवढंच. मग. ज्या माणसानं तीन वर्षांत दाजींचं तोंडही बघितलं नव्हतं, त्यानं अर्ध्या मिनिटात दाजींचा आजार अक्काच्या हातात नेऊन ठेवला. मीठ काय असतं ते मलाही ठाऊक आहे, बीपीला ते वाईटच. पण जाळ त्यानं विचारला नाही. गोळी विचारली नाही, गोळीचा भाव विचारला नाही, कोण माणूस ती घेऊ शकतो आणि कोण नाही हे विचारलं नाही. मीठ विचारलं, कारण मीठ बाईच्या हातचं.

मी शेजारी चहाचा थर्मास धरून उभा होतो. ती नॉर्मल तीन वर्षं ज्याच्या दंडावरची होती तो तिथं दोन हातांवर होता. मी काही बोललो नाही. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा, पण ओळखलं नाही. ओळखणार कसे?

नंतर कारखान्याकडून लेखी आलं की तपासणीत कामगार निरोगी आढळला होता, सबब आजाराचा कामाशी संबंध नाही. तो कागद वाचून माझं डोकं फिरलं. त्या रात्री मी बायकोपुढं कारखान्याला, डॉक्टरला, चेअरमनला नाही नाही त्या शिव्या घातल्या. आजही घालीन. अजून मला वाटतं की ज्या दवाखान्याला बीपी मोजता येतं त्याला गोळी देता आली पाहिजे, नाहीतर त्यानं मोजू नये. पण दरवेळी एका जागी येऊन माझी जीभ अडते. निरोगी आढळला असं त्यांना लिहिता आलं, ते कुणामुळं? तो दंड मीच पुढं केला होता.

दाजी त्यानंतर चौदा महिने होते. मी दर रविवारी जायचो. मला बघितलं की ते डावा हात उचलायचे आणि ओठ मिटून "प, प" करायचे. अक्का म्हणायची, "तुला पावणं म्हणत्यात बघ." मी मान हलवायचो. त्यांची वाचा गेली याचं मला दुःख होतं, आणि आता ते कुणाला काही सांगणार नाहीत म्हणून मला आतून हलकंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं. हे वाक्य लिहायला मला बारा वर्षं लागली.

दाजी गेले त्या दिवसापासून अक्का अळणी खाते. कुठल्या डॉक्टरनं तिला सांगितलेलं नाही. पंगतीत वाढपी मीठ घेऊन आला की ती ताटावर हात आडवा धरते. आधी लोक विचारायचे, आता सवय झाली. गेल्या दिवाळीत मी तिच्याकडं फराळाला बसलो होतो. सून म्हणाली, "आत्ती, वर्साचा सण हाय, एक चकली तरी घ्या की."

अक्का म्हणाली, "माझ्या हातच्या मिठानं गेलं त्ये. मला गोड लागंल व्हय?"

मी समोर बसून चकली खात होतो. हातातली संपवली. दुसरी दिली, तीही खाल्ली. मग भाचा सांगायला लागला की कारखान्यात आता बदली बसता येत नाही, साहेबांनी प्रत्येकाच्या तपासणीच्या कार्डाला फोटो लावलाय. मी विचारलं, "आणि गोळी देतात का?"

"गोळी कसली मामा? बीपी निघालं तर घरी."

म्हणजे एवढ्या वर्षांत दुरुस्ती झाली ती आमच्या लबाडीची. फोटोला पैसे निघाले. गोळीला नाही.

परतताना एसटीत ठरवलं की हे लिहायचं. लिहिताना हेही लक्षात आलं की लिहिणं मला सोपं का जातंय. अक्काला वाचता येत नाही. छापून आलं तरी ते तिच्यापर्यंत आपणहून पोचणार नाही, आणि भाचा वाचणाऱ्यांतला नाही. म्हणजे इथंही मी तिला चुकवूनच बोलतोय.

तेव्हा यानं काही फिटलं असं मी धरत नाही. अक्का आहे. तिचे कान शाबूत आहेत. तिच्यासमोर बसून, तिच्याकडं बघून, ते मीठ नव्हतं, मी होतो, एवढं तोंडानं सांगायचं माझ्याकडं अजून बाकी आहे.